व्हिम

प्रोग्रॅमरांच्या वापरातील मुक्तस्रोत कोड एडिटर. कर्ते ब्राम मोलेनार (१९६१–२०२३), नेदरलँड्स. बिल जॉय यांच्या व्हीआय (१९७६) या एडिटरच्या धर्तीवर तो अमीगा संगणकासाठी लिहिला गेला व १९९१ मध्ये फ्रेड फिश यांच्या डिस्क-मालिकेतून प्रथम वितरित झाला. एरवी प्रत्येक कळ ही आज्ञा असते. टंकण्यासाठी निराळ्या स्थितीत जावे लागते. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलतो, कारण जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच कळांवर छापलेले होते. पुढील आवृत्त्यांत भर पडली ती मुख्यतः ही कळपद्धती कायम ठेवून.

बदल मागे घेणे. बहुतेक एडिटरांत काही बदल मागे घेऊन नवे अक्षर टंकले, की मागे घेतलेले बदल कायमचे जातात. ७.० (मे २००६) पासून व्हिम हा इतिहास वृक्षरूपात साठवतो : नवे टंकलेखन नवी शाखा काढते, जुनी शाबूत राहते. ‘यू’ आणि कंट्रोल-आर चालू शाखेवर मागेपुढे नेतात. ‘जी’ला उणे वा अधिक चिन्ह जोडल्यास शाखा ओलांडून कालक्रमाने जाता येते. ‘अर्लियर’ आज्ञेस मिनिटे सांगितली, की तितक्या वेळापूर्वीचा मजकूर परत येतो. ७.३ (ऑगस्ट २०१०) मधील ‘अनडूफाइल’मुळे हा इतिहास वेगळ्या फाइलीत राहतो व एडिटर बंद करून पुन्हा उघडल्यावरही उपयोगी पडतो. तीत मजकुराचा हॅशही नोंदलेला असतो; मूळ फाइल बाहेरून बदलली असल्यास हॅश जुळत नाही व इतिहास लागू होत नाही. ही सोय मुद्दाम चालू करावी लागते.

पार्श्वभूमीतील कामे. ८.० (सप्टेंबर २०१६) मध्ये जॉब, चॅनेल व टायमर आले. कंपायलर वा तपासणीचे साधन चालू असताना संपादन थांबेनासे झाले. ८.१ (२०१८) मध्ये टर्मिनल विंडो व जीडीबीसाठी डीबगर प्लगइन, तर ८.२ (२०१९) मध्ये पॉपअप विंडो आल्या. या बदलांमागे २०१४ मध्ये फुटून निघालेल्या निओव्हिमचा वाटा किती, याबाबत मतभिन्नता आहे.

व्हिम९ स्क्रिप्ट. ९.० (जून २०२२) मधील या भाषेत फंक्शने आधी कंपाइल होत असल्याने ती जुन्या स्क्रिप्टपेक्षा पुष्कळ वेगाने चालतात. ९.१ (जानेवारी २०२४) मध्ये क्लास व ऑब्जेक्ट यांची भर पडली. ही आवृत्ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केलेली असून त्यांच्या पश्चात देखभालीची धुरा ख्रिस्टियन ब्राबांड यांच्याकडे आहे.

ग्राफिकल रूप. जीव्हिम.

परवाना. विनामूल्य; वापरकर्त्यांनी युगांडातील किबाले येथील मुलांसाठी देणगी द्यावी, असे आवाहन त्यात आहे.