मराठी पत्रातील मायना

पत्रात मजकुराच्या आधी येणाऱ्या संबोधनाला मायना म्हणत. लिहिणारा आणि वाचणारा यांचे परस्परांतील स्थान आधी तेथे ठरे आणि मगच कामाचा विषय निघे. लेखनाचे संकेत सांगणारा 'मेस्तक' हा ग्रंथ यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितला जातो, आणि मराठेशाहीच्या चिटणिसी दप्तरांत असे संकेत काटेकोरपणे पाळले जात. वडिलांना 'तीर्थरूप' लिहून साष्टांग नमस्कार, धाकट्याला 'चिरंजीव' लिहून आशीर्वाद आणि सरदार-कारभाऱ्यांना 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा भरघोस मायना असे. पत्राचा शेवटही तितकाच बोलका असे, कारण 'जाणिजे' हा हुकूम असे, तर 'हे विनंती' लिहिणारा समोरच्याचा मान राखत असे.

हे संकेत राजकारणातही वजन बाळगून होते. 1749 मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर सत्ता पुण्यात एकवटली, तरी पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव राहिले आणि पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. हा निव्वळ उपचार नव्हता; नागपूरकर भोसल्यांचे सेनासाहेबसुभा आणि गायकवाडांचे सेनाखासखेल ही पदे मूळ छत्रपतींनी दिलेली असल्यामुळे, अशा सरदारांवर पेशव्यांचा अधिकार चालायचा तर तो मुख्य प्रधान या नात्यानेच चालू शकत होता.

उघड लिहिणे धोक्याचे असे तेव्हा संकेत ओळखण्याची हीच जाण कामी येई. जानेवारी 1761 मध्ये पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, असे सांगितले जाते. मोती, मोहरा आणि खुर्दा गमावल्याचा तो वरकरणी व्यापारी हिशेब वाचणाऱ्याला माणसांचा म्हणून समजला.

1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि अपुऱ्या जागेत लांबलचक मायना 'सा. न. वि. वि.' एवढ्यावर आटोपू लागला. निधनाच्या पत्रावर आरंभीचा 'श्री' घालत नसत, त्यामुळे पहिली ओळ वाचण्याआधीच घरात बातमी कळे.

मात्र संकेतांचा हा व्यवहार सर्वांसाठी सारखा नव्हता. पुरुषाच्या नावामागे विवाहित की विधुर हे कधी लिहिले गेले नाही, पण स्त्रीच्या नावामागे 'सौ.' किंवा 'गं. भा.' लावून तिचा नवरा हयात आहे की नाही हे पत्त्यावरच जाहीर होई, आणि त्याबाबत तिचे मत कोणी विचारीत नसे.