पोलिसांची निवृत्त जीप



जुन्या मोटारींचा शौक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय येते? एखाद्या संस्थानिकाची रोल्स रॉइस, पितळी भोंगा, आरशासारखे चकाकणारे दिवे. 'स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली, आणि तेव्हापासून अशा गाड्या पाहायला लोक हौसेने गर्दी करीत आले आहेत. आज मात्र मी ज्या गाडीविषयी सांगणार आहे, तिला कोणी झेंडूचा हार घालीत नाही. ती आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांनी पाहिलेली आहे. ती म्हणजे पोलिसांची जीप.

माणूस निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. सरकारी गाडी निवृत्त झाली की तिचे निर्लेखन होते, म्हणजे वहीतून तिचे नाव कमी होते. मग लिलाव, आणि पुढे बहुधा भंगार. इंग्लंड-अमेरिकेत मात्र असे शौकीन लोक आहेत की जे पोलिसांच्या जुन्या गाड्याच शोधून विकत घेतात, त्यांची डागडुजी करतात आणि जत्रेत, शाळेत, संचलनात त्या लोकांना दाखवतात. लंडनच्या पोलिसांची काळी वूल्झली मोटार तिकडे आजही कौतुकाने मिरवते. आपल्याकडे याच्या अगदी जवळचा शौक आहे तो लष्कराच्या जुन्या जीप आणि जोंगा गाड्यांचा. जोंगा ही जबलपूरच्या सरकारी कारखान्यातली लष्करी गाडी. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी २०१९ साली अशीच एक जोंगा घेतली, तेव्हा पुष्कळांना हे नाव प्रथमच कळले. पण पोलिसांच्या गाडीकडे आपल्याकडे अजून फारसे कोणी वळलेले नाही. वळायला का हवे, ते आता पाहू.

प्रथम थोडा मागचा इतिहास. १८६१ हे साल आपण लक्षात ठेवू. त्याच साली हिंदुस्थानात पोलिसांचा कायदा झाला, आणि त्याच साली नागपूर ही नव्या मध्यप्रांताची राजधानी झाली. त्या काळचा शिपाई पायी फिरे आणि साहेब घोड्यावर. तालुक्याच्या ठाण्यापासून गाव वीस-पंचवीस मैल असले तर खबर पोचायला एक दिवस आणि शिपाई यायला दुसरा. तोवर गावची अब्रू पोलीसपाटलाच्या हाती! मोटारी वाढल्या तसा घोडा मागे पडत गेला. मुंबईत रहदारी वाढली म्हणून १९३२ साली पोलिसांचे घोडदळ बंद करावे लागले होते.

खेड्यातली खरी क्रांती केली ती जीपने. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ही लहानशी गाडी लाखोंनी बनवली. हिच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात कशी होते, ते तुम्हांला सांगायला नकोच. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. तिथे साध्या मोटारीचे काय चालणार? पण जीप चाकोरीतून, नाल्यातून, बांधावरून निघून जाई. युद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्या 'डिस्पोजल' मालात विकायला निघाल्या. १९४५ साली निघालेल्या महिंद्र कंपनीने तर स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेहून सुटे भाग आणून माझगावात जीपची जुळणी सुरू केली. पुढे तिचे भागही इथेच बनू लागले. उंच नाकाडाची, म्हणजे उंच बॉनेटची जी जीप आपण वर्षानुवर्षे पाहिली, ती याच घराण्यातली. बॉनेट उंच का, तर आतले सुधारलेले इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते म्हणून!

आता नागपूरची एक गंमत पहा. समजा, १९५५ साली नागपूरच्या पोलिसांकडे एक जीप आली. तेव्हा नागपूर ही मध्यप्रदेश राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तीच जीप मुंबई राज्याची झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि जीप महाराष्ट्राची झाली. पाच वर्षांत तीन राज्ये! आणि जीप मात्र सीताबर्डीच्या चौकातून हलली नाही. पुढे १९६५ साली शहराला पोलीस आयुक्त मिळाले, तेव्हा आणखी एक नवी पाटी.

गुरुजींनो, राज्यपुनर्रचनेचा धडा वर्गात शिकवताना मुलांना तारखा पाठ होतात, पण त्यातले काही मनाला भिडत नाही. त्याच ठिकाणी एकाच गाडीच्या पत्र्यावर एकावर एक चढलेले तीन रंग दाखवता आले तर? जुन्या गाड्यांचे जाणकार हेच करतात. नवा रंग देण्याआधी ते जुना रंग बारीक पॉलिशकागदाने एका कोपऱ्यात हळूहळू घासतात. एकेक थर उघडा पडत जातो. वरच्या थरात कोणी तरी खाजगी मालकाने दिलेला रंग, त्याखाली सरकारी रंग, कधी त्याखाली आणखी एक सरकारी रंग आणि अर्धवट पुसलेली अक्षरे. मग चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर, कारखान्याची पितळी पट्टी, बिनतारी यंत्र बसवण्यासाठी पाडलेली भोके. ताम्रपट वाचावा तशी ही गाडी वाचावी लागते.

आणि ताम्रपटाला जो नियम, तोच हिला. आपल्या मनचे त्यात घालायचे नाही. १९५५ सालच्या जीपवर मोठ्या हौसेने 'महाराष्ट्र पोलीस' असे रंगवले आणि 'अगदी पहिल्यासारखी केली' असे सांगितले, तर ते खोटे. कारण त्या साली महाराष्ट्र राज्यच नव्हते. तिच्यावर कुठल्या सालची पाटी लावायची हे आधी ठरवावे आणि मग त्या सालाशी इमान राखावे. चांगला डेंटर, चांगला रंगारी आणि चांगला शिंपी (होय, ताडपत्रीचे छप्पर शिवायला शिंपीच लागतो) या तिघांइतकाच इथे इतिहासाचा अभ्यास कामाला येतो.

आता कायद्याचे ऐका, कारण खरी अडचण तिथे आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अशी वेगळी अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे.

पण जानेवारी २०२३ मध्ये दुसरा नियम निघाला. सरकारी मालकीच्या गाड्यांना पंधरा वर्षे झाली की १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या नोंदणीकृत मोडणी-केंद्रातच द्याव्या लागतात. चिलखती आणि तशाच खास कामाच्या गाड्यांना सूट आहे, पण ठाण्यातल्या साध्या गाडीला नाही. या नियमामागचा हेतू वाईट नाही. धूर कमी व्हावा, कालबाह्य गाडीत बसून शिपायाने जीव धोक्यात घालू नये, हे कोणालाही पटेल.

आता हे दोन नियम शेजारी ठेवा. वारसा ठरायला पन्नास वर्षे लागतात, आणि सरकारी गाडी पंधराव्या वर्षी मोडीत जाते. मधली पस्तीस वर्षे तिने कुठे काढायची? पूर्वी लिलावात ती कोणा शेतकऱ्याच्या, मेकॅनिकच्या, हौशी माणसाच्या हाती पडे आणि नवा नंबर घेऊन जगे. तो रस्ता आता बंद झाला. म्हणजे २०२३ च्या आधी ज्या पोलीस-गाड्या लिलावातून बाहेर पडल्या, त्यांतल्या आज ज्या कुठे कडुनिंबाखाली उभ्या असतील, तेवढ्याच आपल्या हाती उरल्या. यापुढे त्यांत भर पडणे कठीण.

त्यातही एक पेच आहे. अशा कित्येक जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून मालकांनी डिझेलचे बसवले. का? तर पेट्रोल परवडेना. त्या बदलामुळेच गाडी टिकली, आणि त्याच बदलामुळे ती 'मूळ रूपातली' राहिली नाही! अशी गाडी व्हिंटेज नोंदणीत बसणे अवघड. पण म्हणून ती इतिहासातून बाद होत नाही. गरिबाने गाडी कशी जगवली, हाही इतिहासच आहे.

राजाची मोटार टिकली, कारण तिला वारस होता. पोलिसांची जीप सर्वांची होती, म्हणून ती कोणाचीच नव्हती. आणि खरे सांगायचे तर राजाच्या मोटारीचा आपल्या आजोबांशी काय संबंध आला होता? दसऱ्याला दुरून पाहिली असेल, एवढाच. जीप मात्र दारात आली. ती चोर पकडायला आली, पुरात दोर घेऊन आली, मोर्चा अडवायला आली. 'जीप आली' हे शब्द ऐकून कोणाला धीर आला असेल, तर कोणाच्या पोटात गोळाही उठला असेल. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि गाडी दाखवताना दोन्ही सांगितल्या पाहिजेत. नुसता चकचकीत रंग म्हणजे इतिहास नव्हे.

मग करावे काय? नागपूरला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. इथला अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. मोतीबागेत २००२ साली रेल्वेने छोट्या गाडीचे, नॅरोगेजचे संग्रहालय उघडले. पुढे छिंदवाड्याची नि नागभीडची छोटी गाडी बंद झाली, पण तिची इंजिने मुलांना आजही हात लावून पाहता येतात. रेल्वेने वेळेवर विचार केला. उलट मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी पहा. शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, तेव्हा कुठे लोक म्हणू लागले की अहो, एक तरी जपून ठेवा! दिल्लीत २०१८ सालापासून राष्ट्रीय पोलीस स्मारक आणि संग्रहालय आहे. तसेच प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाने प्रत्येक प्रकारची एक गाडी मोडणीतून वगळून, रस्त्यावर न आणता, नुसती उभी ठेवली तर धूरही होणार नाही आणि नियमाचा हेतूही बुडणार नाही. कायद्यात तेवढी एक फट ठेवावी, अशी मागणी आपण नक्कीच करू शकतो.

शौक करू पाहणाऱ्या तरुणांना एक इशारा. गाडी जुनी झाली तरी पोलिसाची खूण ही पोलिसाचीच. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचे चिन्ह मिरवणे हा १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता आणि आताच्या न्याय संहितेप्रमाणेही आहे. मैदानात गाडी दाखवताना पाटी जरूर लावा, पण रस्त्यावर आणताना ती काढा किंवा झाका. दिवा आणि भोंगा बंद ठेवा. अमेरिकेतले शौकीनसुद्धा रस्त्यावर आपले दिवे झाकून घेतात.

आणि गुरुजी, तुमच्याकडे मागणे अगदी साधे आहे. तुमच्या गावात, तालुक्याच्या गॅरेजमागे, अशी एखादी जीप आहे का, ते मुलांना शोधायला लावा. मालकाची परवानगी घेऊन फोटो काढा. चासीचा नंबर वहीत उतरवून घ्या. गावात पोलीस-खात्यातून निवृत्त झालेले एखादे ड्रायव्हरकाका असतील, त्यांना एक दिवस शाळेत बोलवा आणि विचारा : काका, पुराच्या रात्री तुम्ही नाला कसा ओलांडला? किल्ली फिरली नाही तर हँडल कसे मारीत होता? ते सांगतील ते मुलांना जसेच्या तसे लिहून घेऊ द्या.

जीपला अजून काही वर्षे आहेत. पत्रा गंजायला वेळ लागतो. पण ती चालवणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा, गाडीचे पुढे पाहता येईल.