ड्रॉपडाउनमधला रंग

ताईचा बायोडेटा मीच टाइप केला होता. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घोडेगावला आलो होतो. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण असं लिहीत ‘वर्ण’पाशी आलो आणि थांबलो. वडील म्हणाले, "निमगोरा लिही." आई म्हणाली, "गव्हाळ लिही, पाहायला आल्यावर काय सांगणार?" ताई सावळी आहे. पण तो शब्द कोणीच उच्चारला नाही.

त्याच वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एक छोटा गेम बनवला. खेळाडूला सहा रंगांतून एक चेहरा निवडता यायचा. ताईला फोनवर दाखवला, तर तिनं विचारलं, "सुरुवातीला हा गोराच का दिसतो?" मी कोड उघडला. डीफॉल्ट व्हॅल्यू होती 0, आणि यादीत शून्याव्या जागेवर सगळ्यात गोरा चेहरा. तो तिथं मीच ठेवला होता, काहीही विचार न करता.

हे "विचार न करता" कुठून येतं, याचा शोध घेताना मी बराच मागे गेलो.

आमच्या घोडेगावातूनच शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. तिथला देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावरची काळी शिळा, तिला नाक-डोळेही नाहीत. पंढरीचा विठोबा काळ्या पाषाणाचा. कृष्ण या नावाचा अर्थच काळा. म्हणजे आपल्या श्रद्धेला काळ्याचं वावडं कधीच नव्हतं. पण घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तिथं कृष्ण निळा आणि लक्ष्मी-सरस्वती गोऱ्यापान.

काळ्या देवाला निळा रंगवण्याची पद्धत छापखान्याच्या आधीची आहे. पण ते चित्र घराघरात पोचवलं छापखान्यानं. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. देवळात न जाताही देव घरी यायला लागला, हे त्या छापखान्याचं मोठं काम. पण देवी कशी दिसते याचा एक ठरलेला साचाही त्यासोबत आला, आणि तो उजळ होता. एका चित्राच्या हजारो प्रती निघतात, तेव्हा ते चित्र ‘एक शक्यता’ राहत नाही, ‘डीफॉल्ट’ होतं.

याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबूस, तपकिरी कातडी पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा जास्त काळी उमटायची. जगभरचे नट चेहऱ्यावर पांढुरकी रंगरंगोटी करायचे, त्यामागे हेही एक कारण होतं. सगळ्या रंगांना जागी होणारी फिल्म 1920च्या दशकाच्या अखेरीस रुळली. म्हणजे यंत्र तटस्थ नव्हतं. ते कोणाला नीट बघेल, हे त्याच्या रसायनात आधीच ठरलेलं होतं.

आता फिल्मच्या जागी कोड आला. 2001 मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी कातडीच्या आत शिरून पसरणारा प्रकाश गणितात बसवला. संगणकावरचे चेहरे प्लास्टिकसारखे दिसायचे थांबले, ते या प्रकारच्या कामामुळे. पण हा आतून येणारा उजेड गोऱ्या कातडीत जास्त दिसतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बराचसा प्रकाश शोषून घेतं, म्हणून तिथं पृष्ठभागावरची चकाकी जास्त महत्त्वाची. येल विद्यापीठातले थिओडोर किम यांनी 2020 मध्ये नेमकं हेच मांडलं: ज्याला आपण ‘माणसाची कातडी’ म्हणत अभ्यासलं, ती मुख्यतः गोऱ्या माणसाची होती.

खेळणाऱ्यांना हे गणित माहीत नसतं, पण परिणाम दिसतो. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ’मध्ये कातडीचा रंग निवडताच यायचा नाही. सावळं व्हायचं तर खेळातल्या उन्हाळ्यात उन्हात फिरून रापायचं! कांद्याच्या वावरात वाढलेल्या पोराला याचं हसूच येईल. आमच्याकडे सावळा रंग उन्हातून परतल्यावर उतरत नाही. 2020च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये रंगाची निवड आली. ‘द सिम्स 4’मध्ये गडद रंग राखेसारखे दिसतात, अशी खेळाडूंची तक्रार होती. 2020च्या डिसेंबरमध्ये तिथं शंभराहून जास्त नव्या छटा आल्या. कोणीतरी बोललं, म्हणून बदललं.

इमोजींची गोष्टही तशीच. 2015 मध्ये आलेल्या पाच छटा फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवरून घेतल्या. 1975 ची ही मोजपट्टी त्वचारोगाच्या उपचारासाठी, उन्हात कातडी किती भाजते यावरून बनली. सुरुवातीला तिच्यात फक्त गोऱ्या कातडीचे प्रकार होते. तपकिरी आणि काळी नंतर जोडली गेली. शून्याव्या जागेवर तिथंही गोराच.

आपल्याकडे वेगळं घडतंय का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी’ 2020 मध्ये आला. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. त्याची नायिका भावाला शोधत असुरांशी लढणारी, गव्हाळ-सावळी मुलगी. तिचा रंग हा कथेचा विषयच नाही. ती फक्त तशी आहे. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

एका गेमनं लग्नाच्या बाजारातला रकाना पुसला जाणार नाही, हे मला कळतं. पण मळवलीच्या छापखान्यात दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिरानं जे ठरवलं, ते शंभर वर्षं आपल्या भिंतींवर राहिलं. आज त्याच जागेवर तुम्ही-आम्ही बसलोय, लॅपटॉप घेऊन.

ताईच्या बायोडेटात शेवटी ‘गव्हाळ’ गेलं. लग्न ठरलं ते वेगळ्याच स्थळाशी, जिथं तिनं स्वतःच फोनवर सांगितलं होतं, "मी सावळी आहे." त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये मी नंतर एक ओळ बदलली. आता गेम उघडला की दर वेळी वेगळा चेहरा समोर येतो. शून्याव्या जागेवर कायमचं कोणीच नाही.