वैमानिकाची झोप आणि कंपनीचं वेळापत्रक : नियम काय सांगतात?

दुबई, मस्कत किंवा जेद्दाहून रात्री निघून पहाटे उतरणारं विमान कोकणातल्या कित्येक घरांच्या ओळखीचं आहे. तिकीट, व्हिसा, सामानाचं वजन हे सगळं आपण दोनदा तपासतो. पण विमान चालवणारा माणूस नीट झोपलाय का, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. तो हिशेब ठेवण्याचं काम आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं आहे.

दोन अपघात, दोन धडे

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण दगावले, फक्त ८ वाचले. मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावर त्याची निर्णयशक्ती मंदावलेली असावी, असं चौकशीत पुढे आलं. सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्यायला सांगत होता, पण त्याचं ऐकलं गेलं नाही. पहाटे २ ते ६ या वेळेत शरीर मुळातच झोप मागतं. इच्छाशक्तीने ती भागत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहूनच आलेलं याच कंपनीचं विमान भर पावसात कोळिकोडला घसरलं आणि २१ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीसाठी कॅप्टनला तिथेच उतरणं गरजेचं वाटत होतं, कारण त्या तळावर पुरेसे कॅप्टनच नव्हते, याकडे अहवालाने बोट दाखवलं. म्हणजे उतरण्याचा निर्णय कॉकपिटमध्ये झाला, पण त्यामागचा दबाव कार्यालयातून आलेला होता.

नवे नियम

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्युटीच्या वेळेचे सुधारित नियम काढले. त्यातले मुख्य असे :

- आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास.
- 'रात्र' मध्यरात्री १२ ते पहाटे ६. आधी ती ५ लाच संपायची.
- रात्रीच्या ड्युटीत ६ ऐवजी जास्तीत जास्त २ लँडिंग.
- थकव्याच्या तक्रारींचा तिमाही अहवाल देणं कंपन्यांना बंधनकारक.

नियम आले, पण कधी?

१ जून २०२४ ही तारीख ठरली होती. कंपन्यांनी जादा वैमानिक लागतील असं सांगितलं आणि अंमलबजावणी पुढे गेली. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. तयारीला मिळालेला वेळ थोडाथोडका नव्हता. तरी डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोकडे वैमानिक कमी पडले, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लोक विमानतळांवर अडकले. मग डीजीसीएने रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली. पुढे उड्डाणांत कपात आणि २२ कोटींहून अधिक दंडही झाला. पण नेमक्या अडचणीच्या वेळी सैल झाला तो विश्रांतीचाच नियम, हे आपण विसरू नये.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत २००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळून ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०१४ पासून ड्युटीआधी किमान १० तास विश्रांती सक्तीची झाली. मालवाहू विमानांना मात्र खर्चाचं कारण देऊन वगळलं. झोप मात्र माल नेणाऱ्या वैमानिकालाही तेवढीच लागते.

आपण काय करावं?

'क्रूची ड्युटी संपली, विमान उशिरा सुटेल' अशी घोषणा झाली की आपण काउंटरवर आरडाओरडा करतो. जाब जरूर विचारावा, पण तो कंपनीला : पुरेशी माणसं का नेमली नाहीत? 'मी थकलोय, उडवणार नाही' असं सांगणारा वैमानिक आपला वेळ घेतो, पण आपल्या माणसाला घरी सुखरूप पोहोचवतो.