एकच किनारा, दोन जाळी : भरती-ओहोटीतून मासेमारीचा इतिहास कसा वाचायचा?

बारामती-इंदापूरकडच्या आठवडी बाजारांत सुके बोंबील आणि सुकट हमखास दिसते. कळंबपासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी जवळपास दोनशे किलोमीटर लांब. आपल्याकडे मासेमारी बघायची तर उजनीच्या पाण्यावर, आणि तिथे पाणी वर-खाली होते ते पावसाने आणि धरणाच्या विसर्गाने. समुद्राचे तसे नाही. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. हा फरक डोक्यात ठेवूनच पुढचे वाचा, कारण आजचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

प्रश्न साधा आहे. वसई, सातपाटी भागात पारंपरिक मासेमारी म्हटली की डोल जाळे, आणि मालवणकडे गेले की रापण. किनारा एकच, राज्य एकच, मग जाळी वेगळी का? पटकन मिळणारे उत्तर म्हणजे "उत्तरेला कोळी, दक्षिणेला गाबीत, ज्याची त्याची परंपरा." पण परंपरा हे उत्तर नाही, ते प्रश्नाचेच दुसरे नाव आहे. ती परंपरा तिथेच का रुजली, हे शोधायला पाण्याकडे बघावे लागते.

पाणी काय करते?

मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राचा उथळ तळ, सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. उत्तरेला खंभातच्या आखाताकडे तर पाणी नरसाळ्यात शिरल्यासारखे दाटते. त्यामुळे मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि सिंधुदुर्गात भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटरच्या आसपास राहतो. पाणी जास्त चढते-उतरते तिथे प्रवाहही जोरकस असतो.

डोल हे त्या प्रवाहावर चालणारे जाळे. लांबलचक पिशवीसारखे, तोंड रुंद, शेपटाकडे आस बारीक होत जाणारी. समुद्राच्या तळात खुंट रोवून ते एका जागी बांधतात. ही ठरलेली जागा म्हणजे कव. जाळे माशाच्या मागे जात नाही, प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी जाळ्यात आणून टाकतो. पाणी वळायच्या आधी ते उचलायचे, नाहीतर उलट्या प्रवाहात आलेले परत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो, तेव्हा डोलीला मासळी चांगली. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी मंद, आणि जाळेही मंद.

रापणीची रीत वेगळी. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि पुष्कळ माणसांनी मिळून ओढायचे. यासाठी वाळूचा सपाट किनारा हवा, बेताचा प्रवाह हवा, आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ येणारे बांगडा-तारलीचे थवे हवेत. पाण्याचा बदललेला रंग आणि पक्ष्यांची झुंबड ओळखणारा डोळा हीच इथली युक्ती. वसईच्या ओढीत रापण टिकणार नाही, आणि मालवणच्या सौम्य पाण्यात डोल भरणार नाही.

पाऊणपटीचे गणित

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तर तपासून बघू. एका चांद्रमासात तिथी 30, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण 24 तास फिरून येते. म्हणजे तिथीमागे सरासरी 48 मिनिटे. पाऊणपट धरते 45. अष्टमीपर्यंत चूक 24 मिनिटांची, पंधराव्या तिथीला 45 मिनिटांची, आणि मग हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रत्यक्षात रोजचा फरक कमी-जास्त होतो, बंदरागणिकही बदलतो. पण घड्याळ नसताना, तोंडी करता येणाऱ्या हिशोबासाठी ही अचूकता पुरेशी आहे. "लोकज्ञान" म्हणून नुसते कौतुक करण्यापेक्षा त्याची चूक मोजणे हा त्याचा जास्त मोठा मान आहे, असे मला वाटते.

इंजिन आल्यावर

स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आल्या, नायलॉन आले, ट्रॉलर आले. यांचे वैशिष्ट्य असे की त्यांना भरतीची वाट बघावी लागत नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन आले. ते थव्याला समुद्रातच घेरते, आणि काही वर्षांतच तिथली रांपण मागे पडली. गोव्यात रापणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभारले. पुढे गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 चा आणि महाराष्ट्राचा 1981 चा. महाराष्ट्राने 2016 मध्ये पर्ससीनवर बंधने घातली आणि 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले.

कायद्याची भाषा मात्र अंतराची, खोलीची आणि तारखेची. पारंपरिक मच्छीमार पावसाळ्यानंतर नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून समुद्रात उतरतो. सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली. कायद्याने समुद्र खुला झाला आणि पंचांगाने खुला झाला, यात पूर्ण महिन्याचे अंतर पडले. पंचांग पाळणाऱ्याने थांबायचे आणि मोठ्या नौकांनी आधी जायचे, असा त्याचा अर्थ होतो.

संशोधकाने काय घ्यावे?

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी (1880), ठाणे (1882) आणि कुलाबा (1883) हे खंड उघडा. मासे, जाळी आणि मच्छीमार समाज यांची माहिती त्यांत मिळते. ती नुसती उतरवून घेऊ नका. प्रत्येक जाळ्याच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा : तिथली भरती किती, तळ कसला, आणि मासा थव्याने येतो की प्रवाहाबरोबर. बहुतेक वेळा "परंपरा" या शब्दाखाली दडलेले कारण या तीन रकान्यांत सापडते.

हे फक्त इतिहासापुरते नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. समुद्रात भराव टाकून ते उभे राहणार आहे आणि तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. "समुद्र मोठा आहे, दुसरीकडे मासे धरा," असे ट्रॉलरवाल्याला एकवेळ सांगता येईल. पण डोलवाल्याचे भांडवल जाळे नाही, ठरलेल्या जागेवरचा प्रवाह आहे. कव सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. नुकसानभरपाई ठरवताना बोटी आणि जाळी मोजणे सोपे. गेलेला प्रवाह मोजायचा कसा, हा प्रश्न अजून कोणीतरी हातात घ्यायला हवा. विषय शोधत असाल, तर हा घ्या.