लाल खडकातली वाट

नागपंचमी जवळ आली की आमच्या मोहल्ल्यामागच्या गल्लीत गडबड सुरू व्हायची. कुणी शिदोरी बांधायचं, कुणी काठी शोधायचं. शेजारचे काका ‘नागद्वारला चाललो’ म्हणून निघत आणि चार-सहा दिवसांनी परतत, तेव्हा त्यांच्या धोतराला लाल माती लागलेली असे. आमच्या नागपूरची माती काळी. ही लाल माती कुठली, हे कोडं मला तेव्हापासून पडलेलं होतं.

श्रोतेहो, ते कोडं सोडवायला मी पन्नाशी उलटल्यावर पचमढीला गेलो. एक दिवस पायी हिंडायचं ठरवलं आणि सोबत एक कोरकू वाटाड्या घेतला.

सकाळी तांबूस दिसणारा खडक उन्हं चढली तसा लालभडक झाला. वाटाड्यानं एक खडा उचलून माझ्या तळहातावर घासला. हात गेरूनं माखला. सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा हा खडक. त्यातल्या लोहानं त्याला लाल रंग दिला. अशा थरांना हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली गोंडवनाचं नाव दिलं. पुढे एडुआर्ड सूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाही तेच नाव दिलं. गोंडांच्या मुलखाचं नाव असं आफ्रिका-अंटार्क्टिकाच्या भूगोलापर्यंत पोहोचलं. गोंड-कोरकू माणसं मात्र इतिहासाच्या पुस्तकात कुठे आहेत?

कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांनी पचमढीचा ‘शोध’ लावला, असं आपण वाचतो. १८६२ साली ते इथे आले, त्यांनी बायसन लॉज बांधलं. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक आजही वाचनीय आहे. पण ते आले तेव्हा इथे कोरकूंचं गाव होतं आणि महादेवाच्या जत्रेला दूरदूरचे लोक येत होते. मग शोध कुणी कुणाचा लावला?

त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १८५८ च्या ऑक्टोबरात, येवल्याचे तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईच्या बाजूला उतरले. या डोंगरांत त्यांना साथ दिली ती हर्राकोटचे जहागीरदार भभूतसिंह यांनी. इंग्रजांनी पुढे भभूतसिंहांना देहदंड दिला. जवळचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. ज्यांच्या पायांनी या वाटा पडल्या, त्यांनाच मग जंगलात शिरायला परवानगी लागू लागली.

दुपारी आम्ही एका शैलाश्रयात टेकलो. पचमढीच्या परिसरात अशी चित्रांची अनेक ठिकाणं आहेत. त्यांतल्या एकाला ‘डोरोथी डीप’ हे इंग्रजी बाईचं नाव आहे. १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी तिथे उत्खनन केलं. त्यांचा अहवाल आपल्या नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. माती उपसणारे मजूर कोण होते, ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल.

आम्ही बसलो होतो तिथे भिंतीवर गेरूनं काढलेला एक माणूस शिडीवर चढून मोहोळ काढत होता. भोवती माश्या उठल्या होत्या. मी वहीत टिपण करू लागलो. वाटाड्या चित्राकडे बघत शांतपणे म्हणाला, ‘‘मेरा बाप भी ऐसेही चढता था.’’

माझं लिहिणं थांबलं. ज्याला मी सकाळपासून वाट दाखवणारा समजत होतो, तो मला आपलं घर दाखवत होता. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं, पण भिंतीवरचा माणूस काय करतो आहे, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

उतरताना त्याला म्हटलं, ‘‘तुझ्याविषयी लिहीन.’’ तो हसला. म्हणाला, नाव नको. पण या वाटा आमच्या लोकांनी पाडल्या, एवढं लिहा.

तेवढं लिहिलं आहे. परत आलो त्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. काका आता नाहीत. माझ्या चपलांकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्हीही जाऊन आले का नागद्वारला?’’

मी ‘हो’ म्हटलं. माती तीच होती.