जावाच्या घरातले भाडेकरू

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९६ मध्ये जावा ही प्रोग्रामिंगची भाषा लोकांच्या हाती दिली, तेव्हा तिच्यासोबत जेव्हीएम म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीनही आले. जावातला प्रोग्राम थेट संगणकावर चालत नाही. आधी त्याचा बाइटकोड होतो आणि तो जेव्हीएम चालवते. हा बाइटकोड कोणत्या भाषेतून आला, हे जेव्हीएम विचारत नाही. मग दुसऱ्या भाषाही राहायला आल्या.

२००३ मध्ये जेम्स स्ट्रॅकन यांनी ग्रूव्ही सुरू केली, २००४ मध्ये मार्टिन ओडर्स्की यांची स्काला आली, २००७ मध्ये रिच हिकी यांची क्लोजर. नव्या भाषेकडे तयार लायब्ररी नसतात. इथे जावाच्या लायब्ररी आयत्या मिळत. पण त्या सगळ्यांनाच आयत्या असल्याने स्पर्धा उरली ती लिहिण्याच्या सोयीची. ओडर्स्की तर घरचेच. जावाच्या जेनेरिक्समागे त्यांचे काम होते. तरी जुन्या प्रोग्रामशी सुसंगत राहण्याची बंधने नकोशी वाटून त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढे २००९ मध्ये स्ट्रॅकन यांनी जाहीरपणे लिहिले की, स्कालाचे पुस्तक २००३ मध्येच पाहायला मिळाले असते तर आपण ग्रूव्ही बहुधा केलीच नसती. आपल्या अपत्याविषयी इतके सरळ किती जण बोलतात?

या भाषांना मोकळे रान मिळाले, कारण जावा रेंगाळली होती. जावा ६ आली डिसेंबर २००६ मध्ये, जावा ७ थेट जुलै २०११ मध्ये. जावा ७ सोबत जेव्हीएममध्ये 'इन्व्होकडायनॅमिक' नावाची नवी सूचना आली. ती मुख्यतः जेरूबी, ग्रूव्ही यांसारख्या पाहुण्या भाषांसाठी होती. खुद्द जावा भाषेला तेव्हा तिचा उपयोग नव्हता. तीनच वर्षांनी, २०१४ मध्ये, जावा ८ मधील लॅम्डा याच सूचनेवर उभे राहिले. भाडेकरूंसाठी बांधलेल्या खोलीत मालकच राहायला आला! लॅम्डासारख्या सोयींसाठी लोक स्काला किंवा ग्रूव्हीकडे जात. त्यातले एक मोठे कारण आता संपले.

मालकाच्या या चालीतून सर्वांत चांगली निभावली ती कोटलिन. जेटब्रेन्सने ती २०११ मध्ये जाहीर केली. भाषा म्हणून ती स्कालाइतकी महत्त्वाकांक्षी नाही, आणि माझ्या मते तेच तिच्या पथ्यावर पडले: जावाचा जुना कोड तसाच ठेवून एकेक फाइल बदलता येई. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली, २०१९ मध्ये पहिली पसंती. आणि अँड्रॉइडच्या फोनमध्ये जेव्हीएम नसतेच. तिथे गूगलचे स्वतःचे रनटाइम चालते.